उंबरठ्याच्या आतील हवा

(गृहिणी व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी योजलेल्या एका कौटुंबिक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



२०२३ सालचा ऑक्टोबर महिना मुंबईकर सहजासहजी विसरणार नाहीत. पाऊस सरला होता, दिवाळीला अजून अवकाश होता आणि शहरावर राखाडी पडदा उतरला होता. समुद्राकाठच्या उंच इमारती भर दुपारी धूसर दिसू लागल्या. त्याच महिन्यात महानगरपालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली, मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची आपणहून दखल घेतली आणि पुढे नोव्हेंबरात फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच मुभा उरली. शासनाने काय करावे, पालिकेने काय करावे, याची चर्चा तेव्हापासून दर हिवाळ्यात होते. ती व्हायलाच हवी. आजचा विषय मात्र त्याहून लहान आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. बाहेरची हवा बिघडलेली असताना घरातील हवेचे काय करायचे?

बहुतेक घरांनी यावर एकच उत्तर शोधलेले असते : खिडक्या लावून घेणे. दार बंद केले की संकट बाहेर राहिले, असा एक सुप्त विश्वास मनात असतो. मग त्या बंद घरात, हवा शुद्ध व्हावी या सद्हेतूने, देवापुढे एकाऐवजी तीन उदबत्त्या लागतात. संध्याकाळी डासांसाठी कॉइल पेटते. मुले बाहेर खेळायला जात नाहीत म्हणून स्वयंपाकघरात भज्यांचा घाणा निघतो. बाहेर खराब असलेली हवा आत येते आणि तिच्यात घरची भर पडते. रस्त्यावरचा धूर वाऱ्याने निदान पांगतो. बंद खोलीतल्या धुराला जायला जागाच नसते.

दार बंद केल्याने हवा अडत नाही, हे जगाने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दगडी कोळशाच्या धुराचे धुके बसले. शहरातील सॅडलर्स वेल्स या नाट्यगृहात 'ला त्राविआता' या संगीतनाटकाचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण धूर सभागृहात शिरला होता. त्या आपत्तीत सुमारे चार हजार माणसे गेली, असा तेव्हाचा अंदाज होता. पुढील काळात अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्या धुराचा मोठा भाग घराघरांतील शेकोट्यांच्या धुराड्यांतूनच निघालेला होता. थंडीपासून बचावासाठी लोकांनी घरात अधिक कोळसा जाळला आणि तोच धूर परत त्यांच्याच छातीत आला. तेथे चार वर्षांनी, १९५६ मध्ये, स्वच्छ हवेचा कायदा झाला, तो घरगुती चुलींपर्यंत जाऊन पोहोचला होता हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

डोळ्यांना न दिसणारा पाहुणा

हवेतील धूळ दोन जातींची असते, असे स्थूलमानाने म्हणता येईल. पहिली डोळ्यांना दिसणारी, टेबलावर बोट फिरवले की बोटाला लागणारी. मुंबईच्या शिवाजी पार्कभोवती राहणारी मंडळी मैदानावरील लाल मातीविषयी वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडत आली आहेत. ती मुख्यतः अशी धूळ. ती त्रासदायक खरी, पण नाकातील केस आणि घशातील ओलावा तिचा बराच भाग अडवतात. दुसरी जात धुरातून जन्मते. वाहनांचा धूर, कोळसा, जळता कचरा, फोडणी, उदबत्ती यांतून निघणारे कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात. शास्त्रज्ञ त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी सहज मावतील. हे कण नाक अडवू शकत नाही, घसा अडवू शकत नाही. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात आणि त्यातील अतिसूक्ष्म रक्तातही उतरतात. म्हणून प्रदूषणाचा प्रश्न केवळ खोकल्यापुरता राहत नाही. हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत त्याची पावले उमटतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरविलेल्या मर्यादेनुसार चोवीस तासांच्या सरासरीत हे कण दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. आपल्या देशाचे २००९ चे मानक ६० आहे. वर्तमानपत्रात जो हवेचा निर्देशांक छापून येतो, त्यात २०० हा आकडा या कणांमुळे आला असेल तर त्याचा अर्थ ९० मायक्रोग्रॅम. म्हणजे ज्या दिवशी निर्देशांक हवेला 'मध्यम' म्हणतो, त्या दिवशीही ती आपल्याच मानकाच्या दीडपट बिघडलेली असू शकते. शब्दांच्या सौम्यतेवर विसंबून चालत नाही. शिवाय हा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. सायंकाळी सातला घराबाहेर काय चालले आहे, हे तो सांगत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' हे ॲप आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभारलेली 'सफर' ही व्यवस्था यांचा आधार घेऊन जवळच्या केंद्रावरील अलीकडच्या तासांची नोंद पाहावी. घरातील एखाद्या महाविद्यालयीन मुलाकडे हे काम सोपवले तर तो ते आनंदाने करील.

खिडकी केव्हा उघडावी

खिडकी उघडावी की बंद ठेवावी, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. केव्हा उघडावी, हा खरा प्रश्न. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, तर वरचा थर तुलनेने उबदार राहतो. भांड्यावर झाकण बसावे तसा तो वरचा थर खालच्या हवेवर बसतो आणि दिवसभराचा धूर त्याखाली कोंडला जातो. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत हे झाकण उठत नाही. मुंबईसारख्या किनारी शहरात आणखी एक गोष्ट घडते. रात्रभर वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो. दुपारी तो उलटतो आणि समुद्रावरून येणारी हवा शहर थोडेफार धुऊन काढते. पुणे डोंगरांच्या कुशीत वसलेले असल्याने तेथे समुद्राची ही मदत नाही, पण झाकण उठण्याचा क्रम तोच.

आपल्याकडे पहाटेची हवा शुद्ध, हा संस्कार पिढ्यान्पिढ्यांचा आहे. तो खोटा नव्हता. ज्या काळात तो रुजला त्या काळात पहाटे रस्त्यावर डिझेलच्या गाड्या नव्हत्या. आजच्या शहरात डिसेंबर-जानेवारीची पहाट ही पुष्कळदा दिवसातील सर्वांत वाईट वेळ असते. पहाटे साडेपाचला सर्व खिडक्या उघडून प्राणायामाला बसणारे आजोबा, हमरस्त्याच्या कडेने भराभर चालणारे वानप्रस्थी आणि मैदानावर धावणारी मुले यांनी हिवाळ्यातील दोन-तीन महिने तरी वेळ बदलणे शहाणपणाचे. व्यायामात माणूस विश्रांतीच्या कितीतरी पट हवा आत घेतो. त्यासोबत धूरही तितकाच घेतो. व्यायाम सोडावा असे येथे कोणी म्हणत नाही. तो घड्याळात दोन-अडीच तास पुढे सरकवावा, किंवा घरात करावा, एवढेच.

तेव्हा सर्वसाधारण रीत अशी : रात्री आणि सकाळी खिडक्या बंद, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान समोरासमोरच्या दोन खिडक्या वीस-पंचवीस मिनिटे सताड उघड्या. आरपार वारा वाहिला की घरातील हवा तेवढ्या वेळात पालटते. दिवसभर एकच फट किलकिली ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरे. घर हमरस्त्यावर असेल तर रस्त्याकडील बाजू बंद ठेवून मागील बाजूने हवा घ्यावी. शेजारी इमारत पाडली जात असेल तर ज्या वेळी काम थांबते तीच आपली वेळ. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि तिचा धूर कित्येक दिवस मुंबईवर पसरला. अशा प्रसंगी हे सारे वेळापत्रक बाजूला ठेवून घर बंद करून बसणेच योग्य. तथापि आठवडेच्या आठवडे पूर्ण बंद घरात राहणे हाही उपाय नव्हे. चौघे जण रात्रभर एका बंद खोलीत झोपले की त्यांच्याच उच्छ्वासाने हवा जड होते आणि सकाळी डोके दुखते. वातानुकूलन यंत्र लावले म्हणजे ताजी हवा मिळते, हा गैरसमजही दूर व्हावा. भिंतीवरचे सामान्य यंत्र खोलीतीलच हवा फिरवून गार करते. त्याची जाळी कापसाचे तंतू आणि जाड धूळ अडवते, धुराचे कण नव्हे. खिडकीला ओली चादर लावण्याची युक्तीही जाड धुळीपुरतीच कामाची.

घरातला धूर

बाहेरच्या धुरावर आपला ताबा नाही. घरातील धुरावर तो पूर्ण आहे. विषयाचा गाभा येथे आहे.

चुलीच्या धुराकडे जगाचे लक्ष वेधण्याचे श्रेय ज्या थोड्या अभ्यासकांना जाते, त्यात कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाचे नाव अग्रभागी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो, याची मोजणी केली. प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, असे मानणाऱ्या विद्वानांना त्या मोजणीने खडबडून जागे केले. घरोघरच्या चुलीच सर्वांत जवळच्या चिमण्या होत्या आणि त्यांच्या तोंडाशी गृहिणी बसलेली होती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यापाड्यांतील कोट्यवधी घरांत पोहोचवला, त्यामागे या जाणिवेचा मोठा वाटा आहे. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतात वायुप्रदूषणामुळे झालेल्या मृत्यूंची संख्या सुमारे १६ लाख ७० हजार होती. त्यांपैकी सुमारे ६ लाख १० हजार घरातील धुराचे बळी. १९९० च्या तुलनेत घरातील धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर ६४ टक्क्यांनी उतरला, ही समाधानाची बाजू. बाहेरच्या हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर मात्र याच काळात दुपटीहून अधिक झाला.

शहरी मध्यमवर्गाला वाटते की हा प्रश्न चुलीबरोबर गेला. गॅस आला, धूर गेला. वस्तुतः काजळी गेली; तळणाचा धूर तेथेच आहे. तेल धूर सोडू लागले, मिरचीची फोडणी पडली, पोळी करपली की स्वयंपाकघरातील सूक्ष्म कणांची संख्या पाहता पाहता रस्त्यावरच्या पातळीला मागे टाकते. फोडणीनंतर सबंध घर ठसकते, याची गंमत वाटते. ठसका ही शरीराने दिलेली सूचना आहे. स्वयंपाक सुरू करण्यापूर्वीच पंखा लावावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे तो चालू ठेवावा. बाहेर हवा टाकणारा हा पंखा भिंतीत उंचावर असावा. चिमणी घेताना तिची नळी भिंतीबाहेर जाते की नाही, हे आधी पाहावे. नळीविना चालणारी चिमणी धुरातील तेल काहीसे गाळून तोच वायू पुन्हा घरात सोडते. तळण त्याच शेगडीवर करावे जी चिमणीच्या थेट खाली आहे, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघराचे दार लोटून घ्यावे. निर्देशांक तीनशेच्या वर गेला असेल त्या दिवशी तळणच टाळले तर उत्तम. थालीपीठ आणि पिठले-भात यांनी कोणाचा अपमान होत नाही.

इंडक्शनच्या शेगडीने ज्योतीचे वायू टळतात, तेलाचा धूर टळत नाही, हे जाता जाता.

आता थोडा नाजूक विषय. देवघर. उदबत्ती म्हणजे बांबूच्या काडीवर कोळशाची वा लाकडाची भुकटी, चिकटवणारा पदार्थ आणि सुगंध. ती जळत नाही, धुमसते. आणि जे धुमसते ते अधिक धूर करते. सिंगापूरमधील ६१ हजारांहून अधिक चिनी स्त्री-पुरुषांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात वर्षानुवर्षे धूप जाळणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका अधिक आढळला, असा त्याचा निष्कर्ष होता. हे वाचून 'आमच्याच चालीरीतींवर बोट का?' असा प्रश्न काहींच्या मनात उठेल. हा प्रश्न समजण्याजोगा आहे. प्रदूषणाची आठवण काहींना नेमकी सणावाराच्याच दिवशी होते, हेही खरे आहे. परंतु येथे प्रश्न कोणाच्या टीकेचा नाही, त्याच खोलीत पाळण्यात झोपलेल्या नातवंडाचा आहे. धुराला श्रद्धा समजत नाही. लहान बाळ आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेते.

शिवाय आपली पूजापद्धती याबाबतीत टीकाकारांना वाटते तितकी ताठर नाही. पंचोपचारांत गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य येतात; आणि एखादा उपचार जवळ नसेल तर त्याच्या जागी अक्षता वाहण्याची मुभा पूजा सांगणारे गुरुजी नेहमी देतात. ज्या घरात दमेकरी आहे, त्या घराने धुपाच्या जागी अक्षता वाहिल्या तर कोणता देव रागावेल? ज्यांना उदबत्ती हवीच आहे त्यांनी जुडगा न लावता एक लावावी, खिडकीशी लावावी, आरती झाली की विझवावी. निरांजनाची वात आखूड ठेवली की काजळी धरत नाही. होम करायचा तर गच्चीवर किंवा अंगणात. पूर्वी वाड्याला चौक असे आणि होमाचा धूर त्या चौकातून आभाळात जाई. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत तर उजेडासाठी आणि धुरासाठी छतातच उघडी जागा ठेवलेली असे. पूर्वजांनी अग्नीबरोबर धुराच्या वाटेचाही विचार केला होता. अग्नी आपण सदनिकेत आणला. वाट आणायची राहिली.

डासांच्या कॉइलची गोष्ट याहून सरळ आहे, कारण तिच्याभोवती श्रद्धेचे वलय नाही. २००३ मध्ये चीन आणि मलेशियातील कॉइल तपासणाऱ्या संशोधकांना असे दिसले की एक कॉइल पूर्ण जळताना जितके सूक्ष्म कण सोडते, तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात. ज्या घरात सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्याला अदबीने बाहेर पाठवले जाते, त्याच घरात मुलांच्या उशाशी ही कॉइल रात्रभर धुमसते. मच्छरदाणीचा खर्च एकदाच आणि तिचा धूर शून्य. खिडकीला जाळी आणि साठलेल्या पाण्याचा निचरा हेही तिच्याच जोडीचे. दिवाळीत मुलांच्या हाती दिली जाणारी सापाची गोळी आवाज करत नाही म्हणून निरुपद्रवी मानली जाते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने तेथील विद्यापीठाच्या सहकार्याने २०१६ मध्ये नेहमीच्या फटाक्यांची मोजणी केली, तेव्हा सूक्ष्म कणांत पहिला क्रमांक या गोळीचाच लागला, माळेपेक्षाही वरचा. आणि ही गोळी लावली जाते कोठे? सज्जात, जिन्यात, दाराच्या पायरीवर.

झाडू, झाडे आणि यंत्रे

केर काढणे हे स्वच्छतेचे काम, पण कोरड्या केरसुणीने फरशीवर बसलेली धूळ तासभर हवेत तरंगत राहते. अंगणात आधी सडा शिंपडायचा आणि मग झाडायचे, या जुन्या क्रमात धूळ बसविण्याचा अर्थ होता. फ्लॅटमध्ये सडा घालता येत नाही. ओल्या फडक्याने फरशी पुसता येते, आणि खराब हवेच्या दिवसांत झाडण्याआधी पुसणे श्रेयस्कर. चपला दाराबाहेर, हा नियम तर परदेशी अभ्यासक आता आपल्यासारखाच सांगू लागले आहेत. दिवाळीपूर्वीचे रंगकाम नवरात्रापूर्वी उरकावे, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवून रंगाचा वास जाऊ देता येतो.

घरातील झाडांविषयी फार मोठ्या आशा पसरल्या आहेत. त्यांचे मूळ 'नासा' या अमेरिकी संस्थेच्या १९८९ च्या प्रयोगात आहे. तो प्रयोग हवाबंद पेटीत केलेला होता. राहत्या घरात हवा सतत आत-बाहेर होत असते. २०१९ मध्ये अशा सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा असे निघाले की नुसत्या वायुवीजनाइतका परिणाम साधायचा तर जमिनीच्या दर चौरस मीटरला किमान दहा आणि कमाल हजार कुंड्या लागतील. बैठकीच्या खोलीत मग बसायचे कोठे, हा प्रश्न उरतो. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते, असा संदेश मोबाईलवर फिरत असतो. कोणतीही हिरवी वनस्पती प्रकाशातच प्राणवायू तयार करते; रात्री तीही श्वसन करते. तुळशीचे वृंदावनातील स्थान या संदेशांपूर्वी हजारो वर्षांचे आहे. तिला अशा कुबड्यांची गरज नाही.

हवा गाळणारी यंत्रे खरोखर काम करतात, पण घेण्यापूर्वी थोडे गणित करावे. आतील गाळणी 'हेपा' प्रकारची असावी; ही कणांचे बारीक चाळण्यासारखे काम करत नाही. तंतूंच्या दाट जाळ्यात मोठे कण आदळून अडकतात आणि अतिसूक्ष्म कण सैरावैरा हिंदकळत तंतूंना चिकटतात, त्यामुळे अगदी बारीक धूरही तिच्यात सापडतो. यंत्राची ताकद 'सीएडीआर' या आकड्याने सांगतात : दर तासाला किती घनमीटर शुद्ध हवा. बारा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असे धरले तर १७० सीएडीआर हवा. हा आकडा पंख्याच्या सर्वाधिक वेगाचा असतो आणि रात्री आवाजामुळे वेग कमी करावा लागतो, म्हणून गरजेपेक्षा एक पायरी मोठे यंत्र घ्यावे. ओझोन सोडणारी वा 'आयन' निर्माण करण्याचा डांगोरा पिटणारी यंत्रे टाळावीत; ओझोन स्वतःच फुफ्फुसाला इजा करतो. गाळणी भरली की बदलावी लागते, तो वार्षिक खर्च आधीच विचारून घ्यावा. एकच यंत्र परवडणार असेल तर ते बैठकीत शोभेसाठी न ठेवता निजायच्या खोलीत ठेवावे, आणि त्यातही घरातील वृद्ध, बाळ किंवा दमेकरी ज्या खोलीत निजतो तेथे. खिडकी उघडी ठेवून ते चालवणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी हळहळू नये. कॉइल, तळण आणि धूप या तिघांना आवर घातला तर यंत्राच्या पुष्कळ कामाची बचत होते.

एक धोका मात्र प्रदूषणाहून तातडीचा आहे आणि तो बंद खिडक्यांतूनच जन्मतो. न्हाणीघरातील गॅसचा गिझर, दार-झडपा बंद असताना चालू राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. नाकाला कळत नाही. दरवर्षी हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, आणि पेटत्या कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपलेल्यांच्याही. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ते शक्य नसेल तर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मग दार लावावे. आंघोळ करताना डोके जड झाले, मळमळले, तर धीर धरण्यात अर्थ नाही. ताबडतोब दार उघडून बाहेर यावे. हवा कितीही वाईट असो, न्हाणीघराची झडप कधीही कायमची बुजवू नये.

शेवटी इमारतीच्या आवाराकडे एक दृष्टिक्षेप. थंडीत फाटकापाशी रात्रपाळीचा रखवालदार पाचोळा, खोकी आणि हाताला लागेल ते प्लास्टिक गोळा करून शेकोटी पेटवतो. त्याचा धूर पहिल्या दोन-तीन मजल्यांच्या खिडक्यांतून थेट आत जातो आणि पहिला घास त्या रखवालदाराच्याच छातीचा घेतो. सोसायटीच्या सभेत त्याला दम देण्याचा ठराव सहज होतो. तो थंडीत कुडकुडत उभा आहे, म्हणून शेकोटी आहे. त्याला एक जाड स्वेटर, एक घोंगडी आणि बंद काचांची लहानशी चौकी द्यावी, पाचोळ्यासाठी मागल्या बाजूला खताचा खड्डा करावा, आणि हे डिसेंबर उजाडण्यापूर्वी व्हावे.